महाराजांची बंदूक

बंदुकीशी माझा संबंध इतकाच, की मराठीच्या तासाला मागच्या बाकांवरून येणारे खडूचे तुकडे मी बऱ्यापैकी चुकवू शकतो. माझ्या हातून आजवर कुणाचा बळी गेला असेल तर तो डासांचा आणि, विद्यार्थ्यांच्या म्हणण्याप्रमाणे, काही निरपराध उत्तरपत्रिकांचा. असा मी २०२० साली चांगला महिनाभर एका बंदुकीचे कुलशील शोधीत हिंडत होतो, हे आमच्या प्राध्यापक-कक्षात कुणाला खरे वाटत नाही. घरी मात्र सर्वांना पटते; कारण त्या महिन्यात शिलाई-यंत्राच्या तेलाची आख्खी बाटली संपली आणि माझा दात घासायचा ब्रश कायमचा कामातून गेला.

ही बंदूक माझ्या मामांची. कोल्हापूरहून राधानगरीच्या वाटेने निघाले की उसाच्या फडांत दडलेले त्यांचे गाव लागते. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे जात असू. सोप्यात उंच खुंटीवर, कातडी म्यानात, ती बंदूक टांगलेली असे. आम्हां पोरांना तिच्याकडे बोट दाखवायचीसुद्धा परवानगी नव्हती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली उतरे. कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या रांगेत पाटावर बसे. तेल, हळद-कुंकू, झेंडूचे फूल असा सगळा मान घेई आणि पुन्हा खुंटीवर जाई. गावात तिला म्हणत ‘महाराजांची बंदूक’.

कोल्हापुरात नुसते ‘महाराज’ म्हटले की कोणते महाराज, हे विचारणारा माणूस परगावचा समजावा. आमच्या शहरात अशी गल्ली नसेल जिथे शाहू महाराजांनी कुणा ना कुणाच्या पणजोबाच्या पाठीवर थाप मारलेली नाही. ज्याच्या त्याच्या घरी महाराजांनी दिलेले काहीतरी आहे. कुणाकडे कडे, कुणाकडे पागोटे, कुणाकडे नुसतीच आठवण. आमच्या आजोळी बंदूक होती. आणि तिच्यामागे एक गोष्ट होती. महाराज दाजीपूरच्या रानात शिकारीला आले होते. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, तेव्हा विशीच्या आतले, हाकाऱ्यात होते. एक गवा उधळून थेट महाराजांच्या अंगावर आला, आजोबांनी मध्ये उडी घेऊन हातातली घोंगडी त्याच्या तोंडावर फेकली, गवा वळला, आणि महाराजांनी हातातली बंदूक तशीच आजोबांच्या हाती देऊन म्हटले, “घे, आजपासनं ही तुझी.” या गोष्टीला पुरावाही होता. बंदुकीच्या नळीवर इंग्रजीत एक तारीख कोरलेली होती: २१ ऑगस्ट १८९४. महाराजांचा राज्याभिषेक झाला २ एप्रिल १८९४ रोजी. गावातल्या शाळामास्तरांनी ती तारीख कधीकाळी वाचून दाखवली आणि निर्णय दिला, की राज्यारोहणाच्या वर्षी महाराजांनी खास बनवून घेतलेली ही बंदूक. त्यानंतर कुणी शंका काढली नाही.

त्याच सोप्यात, खुंटीच्या बरोबर खाली, आक्का बसलेली असे. आक्का म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी कपाळ पांढरे, आणि पुढची साठ-पासष्ट वर्षे भावाच्या घरी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची आणि रात्री सगळ्यांच्या नंतर जेवायची. तिने कधी काही मागितल्याचे मला आठवत नाही. कुणी नवे लुगडे घ्यायचे काढले तर म्हणायची, “नगं बाबा. माझ्या लगनात आंब्याची पट्टी गेली, त्येच लई झालं.” आंब्याची पट्टी हे घरामागचे शेत. बांधावर पाच आंबे होते. ते शेत तिच्या लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या घशात गेले, हे आम्हांला बाराखडीइतके पाठ होते. घरात भांडण लागले की कुणीतरी ते वाक्य तिच्या अंगावर टाकी, आणि ती ते झेली. मे महिन्यात त्याच झाडांचे आंबे नव्या मालकाकडून विकत आणले जात. आक्का त्यांना हात लावीत नसे. “मला सोसत न्हाई,” म्हणे. १९९३ साली ती गेली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका परवानाधारकाला तीन बंदुका बाळगता येत, त्या दोनवर आल्या, आणि तिसरी वर्षाच्या आत जमा करायची असे ठरले. मामांच्या परवान्यावर तीन होत्या. एक उसातल्या रानडुकरांसाठी ठासणीची, एक बारा बोअरची दुनळी आणि तिसरी ही. रानात गोळी घालणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाले होते आणि हिच्या गोळ्या मिळणेही केव्हाच थांबले होते, तेव्हा ही निव्वळ पूजेची धनीण. माझा मामेभाऊ व्यवहारी आहे. तो म्हणाला, “हीच देऊन टाकू.” मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे; त्यांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. मग मला फोन आला. “तू जुन्या पोथ्या बघून खरी कुठली, खोटी कुठली सांगतोस न्हवं? मग हिचं बी सांग. महाराजांची हाय असं कागदावर लिहून दे.”

टाळेबंदीमुळे महाविद्यालय बंद होते. वेळ होता. आणि खरे सांगायचे तर, मामांच्या त्या वाक्याने मला गुदगुल्या झाल्या. वर्गात मी दरवर्षी सांगतो, की १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती पाठ ताडून पाहून. नकलकारांनी घातलेले कोणते आणि मूळचे कोणते हे वेगळे करून. बंदूक काय आणि पोथी काय, असे मी स्वतःला म्हटले. माणूस स्वतःला काय काय म्हणतो!

परवाना मामांच्या नावाचा, तेव्हा बंदूक घरातून हलवायची नाही; पाहणाऱ्यानेच जायचे. कोल्हापुरात एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांची सगळी हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेली. त्यांना गाडीत घालून नेले. त्यांनी तोंडावरचा मुखपट्टा सारखा केला, बंदूक प्रथम रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मग ती मांडीवर घेऊन बराच वेळ नुसतेच पाहिले. चापाभोवती लोखंडाची एक लांबट कडी होती. ती त्यांनी बोटांत धरून खाली ओढली आणि परत वर आणली. खट् खटाक्! सोप्यातली कोंबडी उडाली. “सगळी करामत या कडीत आहे,” ते म्हणाले. कडी खाली गेली की आतला ठोकळा मागे सरतो, रिकामे काडतूस वरून बाहेर उडते आणि घोडा ताणला जातो. कडी वर आली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. बंदूक खांद्यावरून न उतरवता एकामागून एक गोळ्या झाडता येतात. गोळ्या राहतात नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत, एकीमागे एक. म्हणूनच हिच्या गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते. टोकदार असले तर मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी टेकून बसते आणि धक्क्यासरशी ते उडायची भीती. हे ऐकून मामांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

“विंचेस्टर आहे. अमेरिकेची,” कारागीर म्हणाले. मामांना हे फारसे रुचले नाही. महाराजांची बंदूक विलायतेची असणार, अशी त्यांची समजूत होती. नंतर मी वाचले, की ऑलिव्हर विंचेस्टर हा गृहस्थ मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. सदरे शिवता शिवता त्याने एका बुडत्या बंदूक-कंपनीत पैसे घातले आणि पुढे साऱ्या जगात त्याचे नाव झाले ते बंदुकांमुळे. आमच्या बंदुकीचा नमुना मात्र जॉन ब्राउनिंग नावाच्या युटा राज्यातल्या कारागिराने काढला. कंपनीने तो १८९४ साली बाजारात आणला आणि न्यू हेवन गावातला तो कारखाना २००६ साली बंद पडेपर्यंत करीत राहिली. सत्तर लाखांहून अधिक बंदुका या एका नमुन्याच्या झाल्या. खास बनवून घेण्यासारखी वस्तू ही नव्हे. अमेरिकेतल्या गुराख्याच्या खोगिराला असायची ती ही.

पुढचे काम घाणीचे होते. नव्वद वर्षांच्या खंडेनवम्यांचे तेल आणि कुंकू त्या लोखंडावर बसून त्याचे लाखेसारखे कवच झाले होते. मामेभावाच्या मुलाने पॉलिश-कागद आणला. कारागिरांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. जुन्या बंदुकीला घासून चकचकीत करणे म्हणजे जुन्या पोथीला चुना फासणे. अक्षरे जातात आणि किंमतही जाते. मग माझा ब्रश आणि शिलाईचे तेल. तीन दिवस मी एकेक अक्षर उकरीत होतो. सोबत कारागिरांची शिकवण चालू. आधी लाकूड बघा, म्हणाले. दस्ता मूळचा अक्रोडाचा हवा. हा शिसवीचा निघाला. कारखान्यातून येताना लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच असते. इथे ते खाली बसले होते आणि मध्ये नख जाईल एवढी फट होती. म्हणजे दस्ता गावच्या सुताराचा. स्क्रूंच्या खाचा बघा. त्या सोलल्या गेल्या होत्या, म्हणजे कुणीतरी चुकीचे हत्यार लावून त्या फिरवल्या होत्या. पण नळी आणि मधला पेटारा, दोन्हींवर एका लंबगोलात डब्ल्यू आणि पी ही अक्षरे गुंफलेली सापडली. ती कंपनीची कसोटीची खूण, १९०५ पासून मारू लागलेली. लोखंड सगळे एका घरचे होते. लाकूड तेवढे दत्तक आलेले.

१९०५ वाचले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. १८९४ सालच्या बंदुकीवर ती खूण कशी?

ती तारीख मी पुन्हा वाचली. तिच्या आधीचा शब्द इतकी वर्षे कुंकवाखाली होता: ‘पेटंटेड’. २१ ऑगस्ट १८९४ या दिवशी ब्राउनिंगला त्या रचनेचे पेटंट मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. सायकलीवर लिहिलेली तारीख सायकलीची जन्मतारीख नसते, तसेच हे. नमुन्याचे नाव नळीवर ‘मॉडेल ९४’ असे होते. आणि कंपनीने त्या नावातले अठराशे गाळले ते पहिल्या महायुद्धानंतर. मग नळीच्या मुळाशी बर्मिंगहॅमच्या तपासणीघराच्या मुकुटाच्या खुणा निघाल्या, आणि त्यांच्या शेजारी तीन इंग्रजी शब्द: ‘नॉट इंग्लिश मेक’. परदेशी बंदुका इंग्लंडात तपासल्या जात तेव्हा त्यांच्यावर हे शब्द ठोकण्याचा नियम १९२५ सालचा. शेवटी पेटाऱ्याच्या पोटाखाली क्रमांक. परवाना दुसऱ्याचा असल्यामुळे तो इथे देत नाही. पण तो दहा लाखांच्या थोडासा पुढचा आहे. या नमुन्याची दहा लाखावी बंदूक कंपनीने १९२७ साली अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती.

शाहू महाराज गेले ६ मे १९२२ रोजी.

मी ब्रश खाली ठेवला. पोथीत प्रक्षिप्त ओवी सापडली की मी आनंदाने समासात खूण करतो. इथे समोर खुर्चीत चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा बसला होता, आणि “काय लिवलंय?” म्हणून दर पाच मिनिटांनी विचारीत होता. दोन दिवस मी काहीबाही सांगून वेळ काढला. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावी एक मोठे संग्रहालय आहे, तिथे या कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत, तिथून पत्र आले की पक्के कळेल, असेही म्हणालो. ते खरेच आहे; पण या नमुन्याच्या पहिल्या साडेतीन लाखांच्या आसपासच्याच नोंदी तिथे राहिल्या आहेत, हे मी गिळून टाकले. मला ते शोभले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले.

मामा चिडले नाहीत. म्हणाले, “महाराज म्हंजे राजाराम महाराज असतील. माझा बा नुसतं ‘महाराज’च म्हणायचा. शाहू महाराज आमीच म्हणाय लागलो असू.” मला आपण काहीतरी शिकल्यासारखे वाटले. १९२२ नंतर गादीवर राजाराम महाराजच होते. आणि ‘महाराज’ या एका शब्दावर नकलकारांच्या दोन पिढ्यांनी आपल्या आवडीचे नाव घातले असेल, तर तो पाठभेद शास्त्राला धरूनच होता. “पण कागद पायजे,” मामा म्हणाले, आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली.

पेटीत आजोबांच्या रोजकीर्दी होत्या. सगळ्या मोडीत. मोडी येणारा घरातला शेवटचा माणूस म्हणजे आजोबाच. त्यांच्या मागे ती पेटी कुणी उघडून वाचली नव्हती. मला मोडी येते, अडखळत का होईना. मी दसऱ्यानंतर आठवडाभर तिथेच राहिलो. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण आजोबांचा हात मोठा नीटस होता. गूळ किती रवे गेला, पेठेत काय भाव लागला, बैलाच्या औषधाला काय पडले, सगळे रोजच्या रोज. शके १८४९ च्या वैशाखात आक्काचे लग्न सापडले: मांडव, तांदूळ, वाजंत्री, नवरदेवाचा फेटा. पै-पैचा हिशेब, आणि त्याखाली आजोबांनी ओळ मारून लिहिलेले, की ही सर्व रक्कम गुळाच्या पट्टीतून भागली, कुणाचे देणे नाही. मी ते दोनदा वाचले.

गहाणाची नोंद आली ती अडीच वर्षांनंतर, शके १८५१, मार्गशीर्षात. आंब्याची पट्टी गहाण. रकमेच्या जागी वाळवीने भोक पाडले आहे. आणि त्याच पानावर, चार दिवस खाली, मुंबईहून बंदूक आणली, रोख. पुढे गोळ्यांची पेटी, कातडी म्यान, आणि गाडीभाडे.

शके १८५१ चा मार्गशीर्ष म्हणजे १९२९ चा डिसेंबर. त्याआधी दोनच महिने न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता. मंदी आली, साऱ्या जगात शेतमालाचे भाव पडले. पुढच्या वह्यांतून गुळाचा भाव खाली खाली जाताना दिसतो, आणि व्याज थकत गेलेले दिसते. शके १८५५ मध्ये पट्टी गेली. गंमत अशी, की याच मंदीत १९३१ साली विंचेस्टर कंपनीचेही दिवाळे वाजले आणि ती दुसऱ्यांनी विकत घेतली. बंदूक करणारा आणि बंदूक घेणारा, दोघेही एकाच पुरात सापडले.

आजोबा खोटे बोलले काय? मला खात्रीने सांगता येत नाही. शेत गहाण टाकून बंदूक आणली हे बायको-भावंडांना सांगण्याची छाती नसेल, म्हणून पहिल्या दिवशी ‘महाराजांनी दिली’ असे तोंडातून गेले असेल. किंवा कुणी विचारले असेल, “महाराजांसारखी बंदूक आणलीस की रे!” आणि मधला ‘सारखी’ गळाला असेल. एवढे खरे, की पट्टी जाताना घरात काहीतरी कारण सांगावे लागले असणार. लग्न होऊन विधवा झालेली बहीण तेव्हा परत येऊन घरातच होती. कारण आयतेच समोर बसलेले होते.

हे मी मामांना रात्री जेवणे झाल्यावर वाचून दाखवले. मामेभाऊ, वहिनी, पोरे, सगळी होती. मी एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचले. मामांनी ती पाने माझ्याकडून घेतली, स्वतःला येत नसलेल्या त्या अक्षरांवरून बोट फिरवले. बराच वेळ कुणी बोलले नाही. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांनीही आक्काला ते वाक्य कधीतरी ऐकवले होते. मी तिथे होतो.

“मी बी म्हटलंय तिला,” मामा म्हणाले. “दोन येळा.”

दुसऱ्या दिवशी मामेभावाने विषय काढला. आता महाराजांची नाही हे ठरलेच आहे, दस्तासुद्धा मूळचा नाही. तेव्हा मुदतीच्या आत हीच जमा करू. मामा म्हणाले, “दुनळी दे. ही ऱ्हाऊ दे. हिच्याइतकी म्हाग वस्तू ह्या घरात दुसरी आली न्हाई.” मग मला म्हणाले, “तू कागद लिहून देणार हुतास न्हवं? लिही.”

मी वहीतले पान फाडले. मामांनी सांगितले तसे लिहिले: ही बंदूक अमेरिकेची आहे. शके १८५१ साली मुंबईहून रोख पैसे देऊन आणली. महाराजांनी दिलेली नाही. मागला दस्ता आपल्या गावच्या सुताराने केला आहे. इथे ते थांबले, पाणी प्यायले. “आनि खाली लिही: आंब्याची पट्टी हिच्यापायी गेली. आक्काच्या लग्नात गेली न्हाई.”

मामेभाऊ दारातून म्हणाला, “सर, एवढं वाक्य मोडीत लिहा. आल्यागेल्याला कशाला कळायला पाहिजे?”

“बाळबोधीत लिही,” मामा म्हणाले. “मोठ्या अक्षरात.”